मे महिन्यात धाकट्याला कडेवर कोण घ्यायचं?

वसई तालुक्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. साल समजा १९११, महिना मे. घरात चार मुलं, त्यातलं शेंडेफळ जेमतेम वर्षाचं. बाप वाडीला पाणी लावण्यात किंवा मिठागरावर. आई कधी राब भाजायला, कधी भाजीची टोपली घेऊन बाजाराला, आणि घरी असली तरी पावसाळ्याआधीच्या हजार कामांत. प्रश्न एवढाच आहे की त्या वर्षाच्या पोराला दिवसभर सांभाळलं कोणी?

तुमच्या मनात लगेच उत्तर आलं असेल. आईने. नाहीतर आजीने. आता पुढचा प्रश्न विचारते, जो पीएचडीच्या मुलाखतीत हमखास विचारतात आणि जिथे बरेच जण अडखळतात: हे तुम्हाला कशावरून कळलं?

आजच्या लेखासाठी हा विषय मुद्दाम घेतलाय. संशोधनाच्या तयारीतले विद्यार्थी विचारतात की इतिहासाचा विषय म्हणजे काहीतरी मोठा पाहिजे ना? वसईचा म्हटलं की किल्ला, चिमाजी अप्पा, १७३९. त्यावर लिहायला कागद आहेत, बखरी आहेत, पोर्तुगीज दप्तर आहे. पण त्याच वसईत दरवर्षी एक उन्हाळा यायचा, शाळा असतील तर त्या बंद व्हायच्या आणि एकेका घरात चार-पाच-सहा लहान मुलं दिवसभर असायची. हे शेकडो वर्षं, हजारो घरांत घडलं. त्याचा इतिहास लिहायचा तर कागद कुठे शोधायचा? मी मूळची विज्ञानशाखेची, त्यामुळे मला आधी आकडे दिसतात आणि माणसं नंतर. या विषयात तो स्वभाव थोडा कामाला आला.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ‘मे महिन्याची सुट्टी’ म्हटलं की आपल्याला रिकामा वेळ आठवतो. शेती, मासेमारी किंवा मीठ यांवर जगणाऱ्या घरात एप्रिल-मे हा वर्षातला सगळ्यात घाईचा काळ. वसईत त्याची कारणं अगदी ठळक आहेत. इथला पाऊस जूनमध्ये येतो तो चार महिने उसंत देत नाही. त्यामुळे चार महिन्यांचं जे काही लागणार ते पाऊस पडायच्या आत घरात यायला हवं. लाकूडफाटा आणि गोवऱ्या सुक्या जागी रचायच्या. कौलं किंवा पेंढ्याचं छप्पर शाकारायचं. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा. अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या कोळीवाड्यांत बोंबील-सुकट वाळवायचं, कारण मग होड्या किनाऱ्याला लागणार. मिठागरांवरचं मीठ पाऊस यायच्या आत उचलायचं, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात, अगदी शब्दशः. आगाशीकडे राजेळी केळ्यांची सुकेळी. घराघरांत पापड, सांडगे, कुरडया. ईस्ट इंडियन घरांत वर्षभराचा बाटली मसाला, म्हणजे वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवायचे, एकेक भाजायचा, कुटायचा आणि बाटल्यांत ठासून भरायचा.

या यादीतलं बहुतेक काम उन्हावर चालतं. आणि उन्हात काहीतरी वाळत घातलं की दोन गोष्टी लागतात: कावळे-कोंबड्या हाकलणारं कोणीतरी आणि ढग दिसला की धावत सगळं आत आणणारं कोणीतरी. म्हणजे सुट्टीतली मुलं ही अडगळ नव्हती, मनुष्यबळ होतं. सहा वर्षांचं पोर वाळवण राखतं, आठ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेते, दहा वर्षांचा मुलगा गुरांमागे जातो. आपल्या शाळांची सुट्टी उन्हामुळे पडते असं आपण म्हणतो, आणि ते बरंचसं खरंही आहे. विदर्भात उन्हामुळेच शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात. पण किनारपट्टीवरच्या घराला या महिन्यात मुलांची गरजही असायची. सुट्टी शाळेला होती, घराला नव्हती.

हे सगळं कुठे लिहून ठेवलंय? इथून खरं काम सुरू होतं.

पहिली धाव साहजिकच गॅझेटिअरकडे. जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली तयार झालेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर १८८२ साली छापून आलं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतले तेरावा आणि चौदावा खंड. वसईवर काम करणाऱ्या कोणालाही ते टाळता येत नाही. बागायतीचं वर्णन, रहाटाने पाणी काढणं, केळ्यांचे प्रकार, भाताचा राब, मिठागरं, सगळं सविस्तर. जातवार माहितीही आहे: कोण काय खातं, काय नेसतं, लग्नाला किती खर्च येतो. आता त्यात मुलं शोधा. मुलं सापडतात, पण विधींमध्ये. जन्म झाला, पाचवी-सहावी पुजली, नाव ठेवलं, जावळ काढलं. मग पुढे ते मूल दिसतं थेट लग्नात. मधली दहा-बारा वर्षं कुठे गेली? ती वर्षं विधी नसलेली वर्षं होती, म्हणून माहिती देणाऱ्याने सांगितली नाहीत आणि लिहिणाऱ्याने विचारली नाहीत. माहिती देणारा आणि लिहिणारा, दोघेही बहुतेक वेळा पुरुष, हेही लक्षात ठेवा. गॅझेटिअर चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. ते ज्या प्रश्नांची उत्तरं द्यायला बसलं होतं ते प्रश्न महसुलाचे आणि राज्यकारभाराचे होते. कडेवरचं पोर त्यात बसत नाही.

दुसरी धाव जनगणनेकडे. भारतात पहिली देशव्यापी जनगणना १८७२च्या सुमाराला झाली आणि १८८१पासून दर दहा वर्षांनी. घरं किती, माणसं किती, वय काय, धंदा काय. पण धंद्याच्या रकान्यात घरातल्या बाईचं काय लिहायचं, यावर आपली जनगणना आजतागायत अडलेली आहे. याचा एक पुरावा तुम्ही स्वतः पाहू शकता. १९६१च्या जनगणनेत ‘काम’ची व्याख्या बरीच सैल होती. १९७१ला ती बदलून माणसाचा ‘मुख्य उद्योग’ काय, असं विचारलं गेलं. झालं, काम करणाऱ्या स्त्रियांचा आकडा धाडकन खाली आला. बायकांनी दहा वर्षांत शेतं सोडली नव्हती, प्रश्न बदलला होता. मग १९८१ला ‘मुख्य’ आणि ‘सीमांतिक’ असे दोन प्रकार करून थोडी दुरुस्ती झाली. संशोधनाला नव्याने बसणाऱ्यांनी ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे. आलेखात उतार दिसला की आधी प्रश्नपत्रिका काढून बघायची. आणि सैल काय, घट्ट काय, कुठल्याच व्याख्येत आपल्या वर्षाच्या पोराला सांभाळणारी आठ वर्षांची बहीण बसत नाही. तिच्यासमोर लिहिलेलं असतं: अवलंबित. म्हणजे दुसऱ्यांवर विसंबून असलेली.

तर सरकारी कागद संपले की काय? नाही. वसईपुरता बोलायचं तर इथे एक साधन आहे जे महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी मिळेल. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या.

पोर्तुगीजांकडे वसई १५३४ला आली आणि १७३९पर्यंत राहिली. त्यातून इथे ख्रिस्ती गावांचा पट्टा तयार झाला: पापडी, नंदाखाल, गास, माणिकपूर वगैरे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेत ठरलं की प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा आणि लग्न यांची वही ठेवायची. मूल कोणाचं, कधी जन्मलं, आईबाप कोण, धर्ममातापिता कोण. यात दफनाची नोंद मिळवली की तुमच्या हातात एका घराचा जवळजवळ सिनेमा येतो. फ्रान्समध्ये लुई आंरी यांनी १९५०च्या दशकात अशाच वह्यांवरून एकेक कुटुंब पुन्हा उभं करण्याची पद्धत बसवली. इंग्लंडमध्ये पीटर लॅस्लेट आणि टोनी रिगली यांनी १९६४ साली केंब्रिजला गट स्थापन करून तेच काम इंग्रजी गावांवर केलं. पद्धत दिसायला अगदी घरगुती आहे. प्रत्येक जोडप्याचं एक कार्ड. लग्नाची तारीख, मग एकेका मुलाचा जन्म, मृत्यू, लग्न, जसं सापडेल तसं त्या कार्डावर चढवायचं. अडचण नावांची येते. वसईत एकाच गावात एकाच नावाचे आणि आडनावाचे चार-पाच जण सहज असतात, म्हणून आईचं माहेरचं नाव, आळी, धर्ममातापित्यांची नावं यांवरून वेगळं करत जावं लागतं. आणि वही हातात घेताच पहिलं काम म्हणजे तिच्यात खंड कुठे आहेत ते बघणं. पानं कुरतडलेली असतील तर त्या वर्षी गावात मुलं जन्मली नाहीत असं निष्कर्षात येऊन बसतं!

आता वर मी १९११चं घर का धरलं ते सांगते. हे घर मी उदाहरणासाठी रचलंय, कोणत्याही वहीतलं नाही. समजा कार्डावर जन्म असे आहेत: १९०० मुलगी, १९०२ मुलगा, १९०५ मूल, जे बाळपणीच गेलं, १९०७ मुलगा, १९१० मुलगी, १९१२ मुलगा. तर मे १९११ला घरात चार मुलं: अकरा, नऊ, चार आणि एक वर्षाची. सांभाळायला लागणारी दोन, सांभाळू शकणारी दोन. मे १९१३ला पाच मुलं: तेरा, अकरा, सहा, तीन आणि एक. मोठी मुलगी तेराची झाली. त्या काळात मुलींच्या लग्नाच्या वयावर आजच्यासारखी मर्यादा नव्हती. मुलींसाठी चौदा वर्षांची अट घालणारा शारदा कायदा १९२९चा आणि तो लागू झाला १ एप्रिल १९३०ला. म्हणजे उन्हाळा हा लग्नांचाही हंगाम असल्यामुळे त्या मे महिन्यात मोठी मुलगी सासरी गेलेली असण्याची शक्यता धरावी लागते. ती गेली तर वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाला सांभाळायला उरलं कोण? अकरा वर्षांचा मुलगा, जो आता बापाबरोबर वाडीत जायला लागलाय. आणि सहा वर्षांचा.

बघा, एका कार्डावरच्या सहा तारखांतून आपण एक प्रश्न मोजण्याजोगा केला. ‘सांभाळण्याजोगी मुलं’ भागिले ‘सांभाळणारे हात’, दर वर्षाच्या मे महिन्यात. हे शंभर कार्डांसाठी केलं तर कळेल की घराची खरी ओढाताण कोणत्या वर्षी व्हायची: शेंडेफळ जन्मल्यावर, की थोरली सासरी गेल्यावर. माझा अंदाज दुसऱ्या बाजूला झुकतो. पण तो अंदाज आहे, आणि वही उघडायच्या आधी असा अंदाज कागदावर लिहून तारीख टाकून ठेवावा. नंतर स्वतःशी खोटं बोलायची सोय राहत नाही.

वह्या ख्रिस्ती घरांच्याच. वाडवळ, आगरी, कोळी, सामवेदी ब्राह्मण, पूर्वेकडच्या डोंगराखालचे वारली, कातकरी, मुसलमान, यांच्या घरांचं काय? इथे माणसांनाच विचारावं लागतं. आणि मौखिक इतिहास म्हटलं की विज्ञानाचे विद्यार्थी सुटकेचा निःश्वास टाकतात, की चला, आता फक्त गप्पा मारायच्या. थांबा. इथे एक सापळा आहे आणि तो शुद्ध गणिताचा आहे.

समजा तीन बायका आहेत. एकीला एक मूल, दुसरीला दोन, तिसरीला सहा. बायकांच्या बाजूने सरासरी काढली तर नऊ भागिले तीन, म्हणजे दर बाईमागे तीन मुलं. आता साठ वर्षांनी तुम्ही रेकॉर्डर घेऊन गेलात आणि त्या नऊ मुलांना विचारलंत, ‘तुम्ही भावंडं किती?’ एक जण म्हणेल एक. दोघं म्हणतील दोन. सहा जण म्हणतील सहा. बेरीज एकेचाळीस, भागिले नऊ, सरासरी साडेचारच्या वर. घरं तीच, मुलं तीच. फक्त विचारलं आईला की मुलाला, एवढ्याने कुटुंब दीडपट मोठं झालं. सॅम्युअल प्रेस्टन या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९७६ साली यावर एक निबंध लिहिला आणि तो वाचायलाही सोपा आहे. कारण उघड आहे: मोठ्या घरातून साक्षीदार जास्त येतात. आणि ज्या बाईला मूल झालंच नाही, किंवा झालेली सगळी गेली, तिच्या घरातून तुमच्याशी बोलायला कोणीच येत नाही. शून्याला आवाज नसतो.

म्हणून ‘आमच्या वेळी प्रत्येक घरात सहा-सात पोरं असायची’ हे वाक्य सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या अनुभवात ते खरंच असतं. त्यात उन्हाळा आला की आणखी भर. सुट्टीत आजोळी गेल्यावर मामे-मावस भावंडं मिळून बारा-पंधरा मुलं एका ओटीवर झोपायची, ती आठवण एकदा नाही, पंधरा वेळा नोंदली जाते, कारण तिचे साक्षीदार पंधरा. ज्या घरात त्या उन्हाळ्यात एकटं एक मूल होतं, त्याची आठवण एकदाच. तुम्ही वीस मुलाखती घेऊन ‘वीसपैकी सतरा जणांनी भरलेल्या घराची आठवण सांगितली’ असं लिहिलंत, तर तुम्ही उन्हाळा मोजला नाहीत, साक्षीदार मोजलेत. उपाय काही भारी नाही. भावंडांपैकी एकालाच मोजायचं, किंवा प्रत्येक उत्तराला त्या घरातल्या मुलांच्या संख्येने भागून वजन द्यायचं.

दुसरा सापळा गणिताचा नाही, पण मला तो जास्त टोचतो. सुट्टीच्या आठवणी आपण वाचतो त्या लिहिणारा बहुतेक वेळा घरातलं धाकटं किंवा मधलं मूल असतं, आणि बऱ्याचदा मुलगा. विहिरीत पोहणं, कैऱ्या पाडणं, बावखलात मासे पकडणं. (बावखल म्हणजे वसईच्या पश्चिम पट्ट्यात घराच्या, वाडीच्या कडेला खणलेलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं आणि उन्हाळ्यात बागायतीला आणि विहिरींना पुरतं. यातली कित्येक आता बुजली.) या आठवणी खऱ्या आहेत, सुंदरही आहेत. पण त्याच दुपारी त्याच घरातली थोरली बहीण काय करत होती? तिला विचारलंत तर कैऱ्या येतील, पण लोणच्यासाठी चिरलेल्या. बावखल येईल, पण कपडे धुण्याचं. म्हणून मुलाखतीला बसलात तर ‘तुमच्या लहानपणचा उन्हाळा कसा होता, आजी?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, छान होता. त्यापेक्षा विचारा: ‘आजी, पहाटे पहिलं कोण उठायचं? पाणी कुठून आणायचं, किती खेपा? धाकट्याला न्हाऊ कोण घालायचं? तुम्ही खेळायला गेलात तर ते पोर कुठे असायचं?’ शेवटच्या प्रश्नावर जरा थांबा. कडेवर पोर घेऊन लगोरी खेळता येते का, हा काही विनोद नाही.

ही थोरली बहीण सरकारी कागदांनी पाहिली नाही, पण आपल्याच जिल्ह्यात दोन बायकांनी तिला नीट पाहिलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आलेल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई तिथे त्यांच्याबरोबर आल्या, आणि पुढे १९५७च्या सुमाराला काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. माँटेसरींच्या पद्धतीची बालवाडी खेड्यात न्यायची तर साहित्य महाग, म्हणून स्थानिक वस्तूंचं साहित्य केलं. मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळा वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पण तरी मोठी मुलं येईनात. कारण काय, तर मुली धाकट्यांना सांभाळतात आणि मुलं गुरांमागे जातात. मग त्यांनी उत्तर काढलं ते मला आजही थक्क करतं. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा, कुरणशाळा. आणि विकासवाडी, जिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. थोरलीने कडेवरचं पोर घेऊनच यायचं, ते पाळणाघरात ठेवायचं आणि शेजारच्या वर्गात बसायचं.

संशोधक म्हणून याकडे बघा. जनगणनेच्या रकान्यात ‘अवलंबित’ असलेली मुलगी शाळेत का येत नाही, हे शोधून काढायला या दोघींना कुठलं सर्वेक्षण लागलं नाही. त्या वस्तीत गेल्या आणि पोर कोणाच्या कडेवर आहे ते त्यांनी पाहिलं. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक मी शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांपेक्षा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आधी वाचायला सांगेन. १९७५च्या २ ऑक्टोबरला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्राला सगळीकडे अंगणवाडी म्हणू लागले. शब्द देशभर गेला. मात्र थोरलीची सुटका करणारं दिवसभराचं पाळणाघर त्या शब्दाबरोबर सगळीकडे गेलं नाही.

आता रेल्वे. ती सोडून वसई-विरारचा कुठलाच इतिहास होत नाही. १८६७ साली विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली. विजेची गाडी विरारपर्यंत १९३६ला आली. वसईच्या बायका पहाटेच्या गाडीने भाजी, फुलं घेऊन बोरिवली-दादरला जाऊ लागल्या, नोकरदार पुरुष चर्चगेटला. १९९०ला सिडकोकडे नियोजन गेलं, चाळी आणि इमारती भराभर उठल्या, २००९ला महापालिका झाली आणि २०११च्या जनगणनेत शहर १२ लाखांच्या वर गेलं. यातली बहुसंख्य कुटुंबं बाहेरून आलेली, आजी-आजोबा गावी ठेवून आलेली.

आणि त्याच काळात मुलांची संख्या घटली. भारतात १९७१च्या सुमारास दर बाईमागे सरासरी पाचाहून जास्त मुलं जन्मत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा देशासाठी २.० आणि महाराष्ट्रासाठी १.७ आहे. मुलं जगण्याचं प्रमाणही बदललं. २०२०मध्ये महाराष्ट्रात हजार जन्मांमागे पहिल्या वर्षात दगावणारी बालकं १६ होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे आकडे शेकड्यांत असत. म्हणजे आमच्या कार्डावरचं १९०५चं मूल आज वाचलं असतं. ही गोष्ट जुन्या उन्हाळ्यांचे उसासे टाकताना विसरली जाते, म्हणून सांगितली.

सहाची दोन झाली म्हणजे सांभाळणं सोपं झालं, असं वाटतं. पण वरचा भागाकार आठवा. अंश कमी झाला, तसा छेदही कमी झाला. थोरली बहीण आता स्वतः शाळेत आहे (आणि असायलाच हवी), आजी गावी, मावशी-आत्या दुसऱ्या शहरात, शेजारचं दार बंद. विरारहून सकाळी सातची गाडी पकडून रात्री आठला परतणाऱ्या आईबापांच्या घरात मे महिन्यात दोन मुलं असली, तरी छेदात बऱ्याचदा शून्य येतं. शून्याने भागता येत नाही, हे आपल्याला पाचवीत शिकवतात.

यावर आज आपल्याकडे आकडे आहेत, पण तेही वाचताना सावध राहा. भारतात वेळेचा हिशोब मांडणारं पहिलं प्रायोगिक सर्वेक्षण १९९८-९९ला सहा राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. देशव्यापी पहिलं २०१९ला. सहा वर्षांवरच्या सगळ्यांना विचारलं गेलं, म्हणजे आपली आठ वर्षांची बहीण अखेर एकदाची कागदावर आली! घरातल्यांची बिनपगारी देखभाल दिवसभरात करणाऱ्या स्त्रिया २७.६ टक्के आणि पुरुष १४ टक्के. जे करतात त्यांचा रोजचा वेळ स्त्रियांचा १३४ मिनिटं, पुरुषांचा ७६. आता गोम बघा. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत विचारला जातो. एका तुकड्यात दोन-तीन कामं लिहिता येतात, पण ती सांगितली तर. पापड लाटताना पायावर निजवलेलं पोर, किंवा स्वयंपाक करताना बाहेरच्या खोलीकडे लावलेला कान, हे ‘काम’ म्हणून कोण सांगतं? म्हणून १३४ हा आकडा कमीत कमी इतका, असं समजून वापरावा.

या विषयावर कोणाला प्रबंध करायचाच असेल तर एक उन्हाळा अजून ताजा आहे. २०२०चा. मार्चच्या मध्याला शाळा बंद झाल्या, २२ मार्चच्या रात्रीनंतर लोकल थांबली, २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी, आणि १५ जूनला गाड्या सुरू झाल्या त्याही फक्त अत्यावश्यक सेवेसाठी. वसई-विरारसारख्या, रोज सकाळी गाडीत रिकामं होणाऱ्या शहरात पूर्ण एप्रिल आणि मे कित्येक वडील घरी होते. मुलांसोबत, दिवसभर, दोन खोल्यांत. छेद एकाएकी वाढला होता. मग सांभाळण्याची वाटणी बदलली का? की वाढलेले हात मोबाइलला लागले? याचं उत्तर कोणा तज्ज्ञाच्या मतात नाही, ते घराघरांतल्या फोनमध्ये आहे. वर्गाच्या गटावर आलेले निरोप, किराण्याच्या याद्या, मुलांचे फोटो. एक तांत्रिक गोष्ट लक्षात असू द्या: व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली मूळ तारीख-वेळ आणि जागेची माहिती निघून जाते. फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो पोचल्याची, काढल्याची नव्हे. म्हणून ज्या फोनवर फोटो काढला त्याच फोनमधली मूळ फाइल मागायची, आईवडिलांची लेखी परवानगी घ्यायची, मूल आता कळत्या वयाचं असेल तर त्यालाही विचारायचं. आणि प्रत्येक फोटोपुढे तीन रकाने भरायचे: चित्रात कोण, मूल कोणाजवळ, फोटो कोणी काढला. पाच-सहा वर्षं झाली, बरेच फोन एक्स्चेंजमध्ये गेलेत. विषय ठरायची वाट न बघता घरातल्या फोनपासून सुरुवात करा.